एकही फ्रेम न कापता

२८ जानेवारी १९९९, गुरुवार

आज अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

सकाळी साडेदहाला फोन. "त्रिविक्रमराव का? मी प्रतापराव, भाषा संस्थेतला. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या घरी कॅमेरा घेऊन आलो होतो." मला आठवेना. मग तो म्हणाला, "तुंगाअक्कांची मूळ टेप सापडलीय. गोदाम रिकामं करतोय. हवी तर या, नाहीतर सोमवारी सगळं भंगारात."

तुंगाला जाऊन सप्टेंबरात आठ वर्षं होतील. तिचे फोटो घरात तीन, आणि तिन्हींत एकतर डोळे मिटलेले नाहीतर पदर सावरणं चाललेलं. आवाज तर कुठंच नाही. बंगळुरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या बायका कसं बोलतात, हे नोंदवायला ही मंडळी तेव्हा हिंडत होती. तुंगानं शाळेतल्या कविता म्हणाव्यात, हे मीच सुचवलं होतं. सात मिनिटांचा कापून जोडलेला भाग इथल्या मराठी मंडळात एकदा दाखवला. त्याची कॅसेट कुणीतरी बघायला म्हणून नेली, ती नेलीच.

जेवण तसंच ठेवलं आणि बस धरून पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. पत्र्याची शेड, शेजारी लेथ घरघरतायत. प्रतापरावांनी टेप हातात दिली. मोठ्या पाठ्यपुस्तकाएवढी, तेवढीच जड. म्हणाले, "वीस मिनिटांची आहे. आम्ही वापरली सात. बाकी सगळं कच्चं. मशीनला वेग धरायला वेळ लागायचा ना, त्यामुळं टेप आधीच फिरवून ठेवायचो. बायका तयार होईपर्यंत चालूच असायची."

म्हणजे आणखी तेरा मिनिटं तुंगा! मी त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो.

रेकॉर्डिंगच्या वेळी मी घरात नव्हतो. बायका मोकळ्या बोलाव्यात म्हणून पुरुषांना बाहेर पाठवायचा त्यांचा नियमच होता. मी दोन तास राजाजीनगरच्या वाचनालयात बसून तीच पेपराची पानं उलटत होतो. आत माझ्या आवडीच्या कविता चालल्या असतील, या कल्पनेनंच गुदगुल्या होत होत्या.

टेप उशाशी ठेवली आहे. ट्रंकेत जागा नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

महिन्याचा पहिला रविवार. सकाळी सातला बाल्टिमोरहून कल्पनाचा फोन. तिकडं शनिवारची संध्याकाळ असते. माझी एकुलती एक लेक. गेल्या वर्षीपासून पुन्हा बोलतो आहोत. मधली तेरा वर्षं कशी गेली ते इथं लिहीत नाही. तिनं वेणुगोपालशी परस्पर लग्न केलं आणि मी या घराचं दार लावलं, एवढं पुरे. जावई सज्जन निघाला. मला तेव्हा कसं कळणार?

टेपचं सांगितलं. तिनं विचारलं, "अण्णा, आई बोलते त्यात?"

"कविता म्हणते!"

"मला बघायचीय. शमिकालाही दाखवायचीय. दहा वर्षांची झाली, तिला आजी म्हणजे नुसता फोटो माहितीय."

पुढं तिनं विचारलंच. गेल्या वर्षभरात दोनदा विचारता विचारता थांबली होती, मला कळलं होतं. "अण्णा, एवढी पत्रं लिहिली मी. आईनं एकदाही का नाही लिहिलं?"

मी म्हणालो, "तिला लिहायचा कंटाळा होता गं."

कंटाळा होताच तिला. वाणसामानाची यादीसुद्धा ती सांगायची आणि मी लिहायचो. मी काही अगदीच वावगं बोललो नाही.

दिवसभर मन लागलं नाही. पाचवीतली ती नदीची कविता म्हणत बसलो, तिसऱ्या कडव्यात अडकलो. असा कधी अडकत नाही.

११ फेब्रुवारी, गुरुवार

समोरच्या भीमसेनची नात पवित्रा जे. पी. नगरच्या एका कंपनीत आहे. स्टुडिओतल्या मोठमोठ्या टेपा इंटरनेटवर बघता येतील अशा करून द्यायच्या, हाच त्यांचा धंदा. गिऱ्हाइकं बहुतेक अमेरिकेतली. पोरीनं मला घेऊन जाऊन सगळं दाखवलं.

टेप आधी कम्प्युटरात उतरवतात. ती फाइल इतकी अगडबंब होते की आपल्या घरच्या फोनच्या तारेतून जायला आठवडे लागतील. यांची स्वतंत्र लाइन आहे. त्यावरून फाइल अमेरिकेतल्या यांच्या सर्व्हरवर चढवायची, तिथं तिचं एका खास प्रकारात रूपांतर होतं. मग बघणाऱ्यानं ती अख्खी उतरवून घ्यायला नको. नळाच्या पाण्यासारखी वाहत येते, येता येताच बघायची.

मी तिथल्या तिथं शब्द केला: ओघचित्र.

"आम्ही स्ट्रीमिंग म्हणतो, अज्जा."

"तू काय वाटेल ते म्हण."

नमुना म्हणून कुणाच्या तरी नाचाचा कार्यक्रम दाखवला तेव्हा मात्र माझा चेहराच पडला. एवढा मोठा पडदा आणि त्यात काडेपेटीएवढं चित्र! नाचणारीचं नाक कुठं, डोळे कुठं, सगळे चौकोन चौकोन.

"एवढंसं?"

"काय करणार? लोकांच्या घरच्या लाइनी बारीक. चित्रातलं जे हलत नाही ते पुन्हा पुन्हा पाठवत नाही आम्ही. हलेल तेवढंच पाठवायचं."

तुंगा फारशी हलत नसे. हे मी बोललो नाही, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

पवित्रा संध्याकाळी आली. टेप जुनी, चिकट झाली होती, दोनदा पुसून चालवावी लागली, पण उतरली म्हणाली. मी लाडू पुढं केला. तिनं घेतला आणि हातातच धरून बसली.

"अज्जा, मी सुरुवातीचा आणि मधला भाग कापते, सरी? चालेल ना? नुसत्या कविता ठेवू."

"का? खराब झालाय का?"

"खराब नाही. कच्च्या टेपेत काहीबाही असतंच. लोक पाणी मागतात, माइक लावतात, गप्पा मारतात. आम्ही नेहमी कापतो."

मी चिडलोच. "तेरा मिनिटं तुंगा जास्तीची मिळालीय मला, आणि तू कात्री लावायला निघालीस? ती पाणी मागत असेल तर मला तेही ऐकायचंय."

"मग तुम्ही आधी एकदा बघा तरी. उद्या या. मी बसवते."

"नाही. मी ठरवलंय. तिकडं कल्पना बघेल त्याच दिवशी इकडं मी. दोन घरं, मध्ये समुद्र आणि एकच तुंगा."

पवित्रा माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "अज्जा, तुम्ही फार कवितेत राहता." टोमणा असेल, पण मला छानच वाटलं. लाडू मात्र तिनं खाल्ला नाही, रुमालात बांधून नेला. या मुली वजनाला फार जपतात.

२२ फेब्रुवारी, सोमवार

फॉर्म भरला. बघणाऱ्याचा ई-मेल पत्ता, कल्पनाचा. सूचना या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: संपूर्ण. एकही फ्रेम न कापता. खाली सही. पवित्रानं वाचून विचारलं, "नक्की ना, अज्जा?" मी म्हणालो, "शाळेत कविता अर्धी म्हटली तर छडी मिळायची."

६ मार्च, शनिवार

क्रमानं लिहायचा प्रयत्न करतो. क्रम लागत नाही.

काल संध्याकाळी रूपांतर झालं, कल्पनाला दुवा गेला. मी आज साडेदहाला जे. पी. नगरला पोचलो. तुंगाच्या आवडीचा निळा सदरा घातला होता. पवित्रानं कानाला हेडफोन लावून दिले आणि म्हणाली, "मी बाहेर बसते." मी म्हटलं, बस गं इथंच. तर म्हणाली, "नको."

आधी रंगीत पट्टे, शिट्टीसारखा आवाज. मग ती. काडेपेटीएवढी. चेहरा असा नाहीच, एक गव्हाळ डाग आणि वर कुंकवाची जागा. पण आवाज! आवाज लख्ख. स्वयंपाकघरातून यायचा तसा. मी दोन्ही हात तोंडावर धरले.

प्रश्न विचारणारी राजलक्ष्मी नावाची बाई. म्हणते, "अक्का, मशीन वेग धरतंय, स्वल्प थांबा. कविता लहानपणापासून येतात तुम्हाला?"

तुंगा हसली. म्हणाली, "मला कुठल्या यायला? यांना आवडतात. छत्तीस वर्षं रोज आंघोळीला जाताना म्हणतात, त्या पाठ झाल्या. शेजारच्या पंपाचा आवाज पाठ होतो तशा."

मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थिजलं. पुढं ती कविता म्हणत होती, एकही शब्द न चुकता. मी मात्र काही ऐकलं नाही. छत्तीस वर्षं. ती दारात पंचा घेऊन उभी राहायची आणि मला वाटायचं, ऐकतेय.

दोन कविता झाल्या. मग कुणीतरी दिवा सरकवतोय, टेप चालूच. राजलक्ष्मीबाई सहज विचारते, "मुलं किती, अक्का?"

"एक मुलगी. अमेरिकेत असते."

"पत्रं येतात?"

"येतात की. माझ्यापर्यंत येत नाहीत."

"म्हणजे?"

"आमचा पोस्टमन बसवंत सांगतो ना मला. अक्का, आज अमेरिकेचं दिलं हो यजमानांना. हे घेतात आणि ट्रंकेत ठेवतात. किल्ली जानव्याला. पत्ता पत्रावर, पत्र ट्रंकेत, मग मी कुठं लिहू?"

"अहो, मग विचारत का नाही?"

इथं चित्र अडकलं. तो गव्हाळ डाग तसाच थांबला. मला वाटलं, मशीन दमलं, बरं झालं. तेवढ्यात आवाज पुढं आला.

"विचारलं तर ते खोटं बोलतील. लग्न झाल्यापासून माझ्याशी एकदाही खोटं बोलले नाहीत. ती सवय मी कशाला मोडू त्यांची?"

आणि लगेच, "झालं का हो तुमचं? म्हणू पुढची?" आणि तिनं नदीची कविता सुरू केली.

हेडफोन काढले ते खाली पडले. पवित्रा आत आली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"टेप उतरवताना बघावीच लागते, अज्जा. बघायचं आणि विसरायचं, हे आमचं काम."

"सांगितलं का नाहीस?"

"कापू का म्हणून विचारलं होतं."

खरंच विचारलं होतं. मी कात्री म्हणालो तिला.

मग मी जे केलं तेही लिहितो. मी तिला म्हणालो, काढून टाक. आत्ता. ती म्हणाली, तिकडं मध्यरात्र आहे, शनिवार-रविवार कुणी नसतं, सोमवारी निघेल. किती वेळा उघडलं त्याचा आकडा त्या पानाच्या तळाशी असतो. तो दोन होता. "एक आपलं आत्ताचं. दुसरं माझं तपासणीचं असेल, नाहीतर त्यांनी बघितलं असेल. सांगता येत नाही." मी म्हणालो, मग तिला कळव, फाइल बिघडलीय, उघडू नकोस. पवित्रा लगेच बसली, टाइप करायला लागली. म्हणाली, "लिहिते. खाली नाव तुमचं घालू की माझं?"

मी खाली पडलेले हेडफोन उचलून टेबलावर ठेवले. तिनं बोटं उचलून मांडीवर ठेवली. मी उठलो आणि रिक्षानं घरी आलो.

ट्रंक उघडली आहे. एक्केचाळीस. एकही फोडलेलं नाही. मी काही वाईट माणूस नाही. योग्य वेळी देणार होतो. पहिल्या वर्षी राग होता म्हणून, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षीची कशी द्यायची म्हणून. मग ती आजारी पडली. मला वाटायचं तिला माहीत नाही. आणि ती समोर बसून तांदूळ निवडत असायची.

७ मार्च, रविवार

सातला फोन. तीन वेळा वाजू दिला.

"अण्णा!" कल्पनाचा आवाज आनंदी. मला कळेना, पाहून आनंदी की न पाहता. "अहो, चालेचना. पट्टे दिसले, शिट्टी वाजली आणि अडकलं. वेणू म्हणतो प्लेअर जुना आहे. नवीन उतरवून घेतोय. तासाभरात होईल, मग बघू तिघं."

तिनं पाहिलं नव्हतं. मी गप्प बसू शकत होतो. उद्या सोमवार. अजूनही म्हणता आलं असतं, थांब, ती फाइल चुकीची आहे, दुसरी पाठवतो, नुसत्या कवितांची. वाक्य जिभेवर होतं, खरंच होतं.

ती बोलतच होती. "शमिका मघापासून विचारतेय, आजी तुला लेटर का नाही लिहायची? मी सांगितलं, आजीला कंटाळा होता. तर म्हणते, मलापण होमवर्कचा कंटाळा आहे, मी आजीवर गेलेय!" आणि मायलेकी हसायला लागल्या.

माझं वाक्य आता त्या पोरीच्या तोंडात.

"कल्पे," मी म्हणालो, "शमिकाला दुसऱ्या खोलीत पाठव."

"काय झालं?"

"पाठव आधी."

मग सांगितलं. तुझी पत्रं आईला मी दिली नाहीत. एकही नाही. ती टेपेत ते बोललीय. तू ऐकण्याआधी मी सांगतोय.

तिकडं दार लावल्याचा आवाज आला.

"आई काय बोललीय?"

"तू ऐकशीलच."

"नाही. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडून."

मला पाठांतराची सवय. एकदाच ऐकलं होतं, पण शब्दन्‌शब्द बसला होता. सांगितला. पत्ता पत्रावर, पत्र ट्रंकेत. विचारलं तर ते खोटं बोलतील. माझ्याशी एकदाही खोटं बोलले नाहीत, ती सवय मी कशाला मोडू त्यांची. सगळं पुरं केलं.

कल्पना म्हणाली, "मग गेल्या महिन्यात मला म्हणालात ते?"

"ते खोटं."

"आईला म्हणाला नाहीत म्हणून मला म्हणालात."

मी उघड्या ट्रंकेकडं पाहिलं.

"किती आहेत?"

"एक्केचाळीस."

"वाचलीत?"

"नाही. शपथ."

"शपथा नकोत, अण्णा. पाठवून द्या. न फोडता." आणि फोन ठेवला.

८ मार्च

पवित्राला सांगितलं, फाइल काढू नकोस. बाकी काही सुचत नाही. आंघोळीला जाताना तोंडून ओळ निघाली आणि मी तिथंच थांबलो.

१५ मार्च, सोमवार

राजाजीनगरच्या पोस्टात गेलो. पत्रं तारखेनुसार लावून, कापडात शिवून नेली होती. वरची घडी उघडी ठेवली, ते तपासून बघतात म्हणून. काउंटरवरच्या बाईनं आत डोकावलं आणि कानडीत म्हणाली, "अज्जा, ही तर अमेरिकेहून इकडं आलेली पत्रं. तिकीट तिकडचं, पत्ता इथला. आणि बंदच?"

"परत जातायत."

"एवढ्या वर्षांनी? घेणारं कुणी नव्हतं का घरी?"

मागं रांग होती. "घेणारी होती," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

घरी येऊन ट्रंक पुसली. तळाशी काही नाही. हे का लिहितोय कुणास ठाऊक.

२७ मार्च, शनिवार

पवित्रा दारातून डोकावली. विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "अज्जा, पानाचा आकडा एकोणीस झालाय."

"तू उघडलंस?"

"मी कशाला उघडू?"

बाल्टिमोरच्या त्या घरात माणसं तीन.

४ एप्रिल, रविवार

सहापासून फोनशेजारी बसलो. सात वाजले. साडेसात. रिसीव्हर उचलून पाहिला, लाइन चालू होती. घाईनं परत ठेवला, तेवढ्यात तिनं लावला असेल तर? नऊला उठलो.

दहाला पवित्रा आली. आज तिला सुट्टी, तरी कागद घेऊन आली होती. त्यांच्या सर्व्हरवर फाइल एक महिना ठेवतात, मग पुसतात. मुदत उद्या संपते. कल्पनानं ऑफिसला ई-मेल केली आहे: फाइल काढू नये, मुदत वाढवून हवी.

"किती दिवस?"

"ते लिहिलेलं नाही."

"आणि आकडा?"

"चौतीस."

मी चष्मा पुसला. "माझ्यासाठी काही लिहिलंय?"

"नाही, अज्जा."

"पार्सल पोचल्याचं?"

तिनं कागद उलटा करून पाहिला. मला दाखवायलाच असणार, मागं काही नाही हे तिला ठाऊक होतं. "नाही."

बसली थोडा वेळ. भीमसेनच्या गुडघ्याचं सांगितलं. निघताना मी तिला थांबवलं. म्हणालो, उद्या येतो तुझ्या ऑफिसात, मला पुन्हा एकदा बसव.

"सरी. पहिल्यापासून लावू?"

"कविता नकोत," मी म्हणालो. "मधलं लाव."